वारा पडेपर्यंत

मी एक जुनी गांधीलमाशी आहे. जुनी म्हणजे सहा दिवसांची. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढे वय पुष्कळ झाले. मी तांदळाच्या कणीएवढी आहे आणि कुणा माणसाला कधी चावलेली नाही. तरी लाटंबार्से गावच्या या शेतात मला कीडच म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म भाताच्या पानावर, एका पांढऱ्या कोशात झाला. त्याआधी मी पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या पोटात होते आणि तिला आतून खाऊन मोठी झाले. ऐकायला वाईट वाटते ना? वाटू द्या. अळी भात खाते, मी अळी खाते. मला त्याची लाज नाही.

बाहेर आले त्याच दिवशी हवेचा दाब उतरला. वादळाची चाहूल लागली की आमचे नर पानाखाली दडून बसतात, कारण पावसाच्या एका थेंबानेही आमचा जीव जातो. नराला मी बोलावते ती गंधाने, आणि तो गंध वारा कुठल्या कुठे नेत होता. तीन दिवस मी पात्यावर पाय रोवून गंध सोडत राहिले. नर न भेटता अंडी घातली तर सगळे मुलगेच निपजतात, आणि अळीचा माग काढते ती लेक. लेकीच नसल्या तर आमचे घराणे संपलेच. म्हणून हट्टाने एकही अंडे घातले नाही.

तिसऱ्या दिवशी शेताचा मालक सगुण पाठीला पंप लावून आला. पानांवर माझ्या बहिणींचे कोश होते.

"ही बघ किडीची अंडी," तो म्हणाला. "आज फवारूकच व्हया."

"ह्या वाऱ्यात? औषध तुमच्याच तोंडार येतला," त्याची बायको विनोदिनी म्हणाली. तिने कोशांचे एक पान बाटलीत घातले आणि बाटलीच्या तोंडाला फडके बांधले. "ह्यातसून काय भायर येता ता आदी बघया."

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. मला हवा तसा, आणि पंपालाही हवा तसाच. माझा गंध सरळ बांधापर्यंत गेला आणि तिथून एक किडकिडीत नर मिशा हलवत आला. फार उशीर केलास, असे मी त्याला सुनावले. तोवर सगुणने पहिला कुणगा, म्हणजे शेताचा पहिला तुकडा, फवारलाही होता. त्या तुकड्यातल्या माझ्या बहिणी गेल्या. त्याचा राग मला अजून आहे.

तो आमच्या कुणग्याकडे वळला, तेवढ्यात विनोदिनी बाटली घेऊन बांधावरून धावत आली. आत पाच-सहा चिमुकल्या गांधीलमाश्या फिरत होत्या.

"अळी एक पण नाय. ही माशी अळयेक टोचता, मी बघलंय."

सगुणने बाटली बराच वेळ डोळ्यांशी धरली. मग पंप खाली ठेवला. "गणेश चवथीक पंधरा दिवस आसत. तोपर्यंत रवतंय."

तेव्हापासून मी तीसेक अळ्यांना टोचून त्यांच्यात अंडी घातली. आता माझे पंख फाटले आहेत. मित्रांनो, मला दया नको. पंप उचलण्याआधी एक पान बाटलीत ठेवून बघा, एवढेच मागते. सगुणने दिलेले पंधरा दिवस मी पाहणार नाही. पण ते सरायच्या आत या पानांवर माझ्या लेकी उभ्या राहतील. अळ्यांनी आता आपले बघावे.