हणमंतरावांचा हरवलेला काठ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर पडद्याला पाठीमागं ढेरी असलेला आणि सुरू होताना घसा खाकरणारा. तुम्ही सगळे कौतुकानं माझ्याभोवती जमलात, पण खरं सांगू? माझा कुणावर एकदम विश्वास बसत नाही. कोण जवळ येतं, का येतं, काय दाबतं, ते मी आधी बघून घेतो. ज्या घरात मी वाढलो तिथलं वळणच तसं. त्या घराची हकिगत ऐकलीत तर माझ्यावर रागावणार नाही.

माझा जन्म बेंगळूरच्या एस. पी. रोडवर, बोळातल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जुळवाजुळव! पडदा एका देशाचा, पेटी दुसऱ्याची, कळफलक तिसऱ्याचाच. या सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून दिली ती भीमाचार्यांनी. कपाळावर ठसठशीत गंध आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर, असे हे दुकानातले कारागीर. त्यांनी मला ऑटोत घातलं आणि कब्बनपेटेत हणमंतरावांच्या घरी आणून ठेवलं.

कब्बनपेट म्हणजे रेशमाच्या मागांची वस्ती. हणमंतरावांचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून इकडचंच. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि राग आला की दोन्ही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते साड्यांच्या काठांची नक्षी काढत. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या मागावर चढवायच्या, मग रेशमात मोर उतरतो की हंस ते बघायचं. पन्नाशी ओलांडली तशी त्यांना चौकटी दिसेनात. माझ्या पडद्यावर चौकट हवी तेवढी मोठी करता येत होती, म्हणून नाइलाजानं त्यांनी मला आणलं.

सुरुवातीला ते माझ्याकडं चोरासारखं बघायचे. काम झालं की माझ्यावर जाड चादर टाकायचे. धुळीसाठी नव्हे हो, मी बघू नये म्हणून! याला कारण होतं. कित्येक वर्षांपूर्वी त्यांचा एक काठ त्यांच्या आधीच बाजारात पोचला होता. कुणी नेला ते कधी कळलं नाही. तेव्हापासून अण्णांच्या मनात जी पाल चुकचुकली ती कायमची. पण हळूहळू आमचं जमलं. पलीकडच्या गल्लीत बसवंत नावाचा माणूस माग चालवायचा. तो एकदा पडद्यापुढं उभा राहून म्हणाला, "अण्णा, हे यंत्र नाही, तुमचा तिसरा डोळा आहे बघा." अण्णांनी नुसतं "हं" केलं, पण त्या दिवशी चादर टाकली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग पंच्याण्णव साल उजाडलं आणि नव्या विंडोजचा गाजावाजा सुरू झाला. पेपरात तेच, दुकानांवर तेच. घरात सून आली होती, सौम्या. माहेर हेब्बाळचं, संगणकाचा क्लास केलेली, हाताला फार चपळ. नवरा अजिंक्य सदा मालाच्या मागं गावोगाव, त्यामुळं अण्णांच्या कामात मदत तीच करायची. ती म्हणाली, "अण्णा, नवं घालून घेऊ या की. दोन-दोन कामं एका वेळी उघडी ठेवता येतात."

"दोन कशाला?" अण्णा लगेच म्हणाले. "एक आम्ही करायचं, दुसरं आमच्या नकळत कोण करणार?"

पण सासूबाई रत्नाबाई सुनेच्या बाजूनं बोलल्या आणि भीमाचार्य फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आले. एक फ्लॉपी घालायची, काढायची, दुसरी घालायची. अण्णा शेजारी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा धास्तावलोच होतो. आपल्याच पोटात कुणा परक्याला बिऱ्हाड थाटायला दिल्यासारखं वाटत होतं. माझा काळा पडदा गेला, निळं आभाळ आलं, आणि माझ्या तोंडावर छोटी छोटी चित्रं उमटली.

अण्णांनी एकेका चित्रावर बोट ठेवलं. "हे काय?"

"माय कॉम्प्युटर. म्हणजे माझा संगणक."

"माझा म्हणजे कुणाचा? आणला मी!" बोट पुढं सरकलं. "आणि हे?"

"नेटवर्क नेबरहुड. शेजार."

"शेजार?" अण्णा उठूनच उभे राहिले. "माझ्या यंत्रात शेजारी कशाला?"

भीमाचार्यांनी परोपरीनं समजावलं की तार जोडल्याशिवाय शेजार-बिजार काही येत नाही. पण ऐकतील ते अण्णा कसले? त्यात यंत्र बंद करायचं तर 'स्टार्ट' दाबायचं, हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली की यात काळंबेरं आहे. कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपलीही होती. भीमाचार्य म्हणाले, नको ते इथं टाका, टाकलेलं लगेच जात नाही, टोपलीत पडून राहतं. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं.

त्या वेळी ते एका मोठ्या काठावर काम करत होते. दोन तोंडांचा गंडभेरुंड, पंख पसरलेला, आणि चोचीत केवड्याचं पान. उन्हाळ्यापासून चालू होतं. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायचं आणि पुन्हा एक चौकट भरायची. "हा शेवटचा," असं ते रत्नाबाईंना म्हणाले होते, "यानंतर डोळे साथ देणार नाहीत." दसरा झाला की बसवंतचे माग याच काठावर चालायचे होते. त्यानं दुसरं काम घेतलंच नव्हतं, रेशीम रंगवून तयार ठेवलं होतं.

नेमका त्याच सुमारास सौम्याचा भाऊ अभिराज चिकपेटेतल्या एका साडीच्या दुकानात कामाला लागला. झालं! अण्णांच्या मनानं घेतलं. सौम्या माझ्यापुढं बसली की ते कशाच्या तरी निमित्तानं तिच्या पाठीमागं येऊन उभे राहायचे. तिच्या पर्समधून फ्लॉपी जाईल म्हणून काठाच्या होत्या तेवढ्या फ्लॉप्या त्यांनी मोडून टाकल्या. छापलेले कागद बंबात घातले. तिला सगळं कळत होतं, मित्रांनो. कळफलकावरची तिची बोटं जड झाली होती.

आणि एका दुपारी, घर झोपलेलं असताना, अण्णा एकटेच माझ्यापुढं येऊन बसले. इकडं तिकडं बघितलं. रत्नाबाई आपल्या पाटल्या नाचणीच्या डब्यात, तळाशी लपवायच्या, कारण चोर कपाट फोडतो, पिठाच्या डब्यात हात घालत नाही. अण्णांनी तोच हिशेब केला. कचऱ्यात कोण बघतंय? त्यांनी गंडभेरुंडाचा काठ उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत नेऊन ठेवला. टोपली भरलेली दिसायला लागली. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले आणि झोपायला गेले.

अहो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडलोच असतो!

आयुधपूजा जवळ आली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडं माग, शिवणयंत्र, स्कूटर, कात्री, सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी माझाही मान होता. आदल्या दिवशी रत्नाबाई आणि सौम्या मला साफ करायला बसल्या. पडदा पुसला, कळफलकाच्या फटींतली धूळ ब्रशनं काढली. मग सगळं ठीक आहे ना म्हणून सौम्यानं मला सुरू केलं.

रत्नाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय गं, भरलेली टोपली?"

"कचरा आहे, अक्का. टाकलेलं असतं ते."

"अय्यो! पूजेच्या यंत्राच्या तोंडावर कचरा? काढ, काढ आधी. लक्ष्मी यायच्या वेळी टोपली भरलेली नको."

सौम्यानं टोपली रिकामी करायला सांगितलं. मला शिकवलं होतं तसं मी विचारलं, नक्की काढून टाकू ना? एवढंच विचारता येत होतं. काय जातंय, कुणाचं जातंय, ते सांगायची मला सोय नव्हती. तिनं 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कपाळावर कुंकू लागलं, पडद्यावर झेंडूची माळ चढली, दारात कोहळा फुटला. अण्णांनी माझ्यापुढं डोळे मिटून हात जोडले. इतका मान मला त्याआधी मिळाला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. पोटात काही नाही आणि हा माणूस नमस्कार करतोय!

विजयादशमीला मुहूर्त म्हणून सौम्यानं माझ्यावर नव्या पदराचं काम सुरू केलं, आणि दिवसभर करत राहिली. त्याच्या दुसऱ्या सकाळी बसवंत काठ न्यायला आला. अण्णा ऐटीत बसले, टोपली उघडली. रिकामी. बंद केली, पुन्हा उघडली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"काय झालं, अण्णा?" बसवंतनं विचारलं.

"काठ गेला." अण्णा म्हणाले. मग ते वळले. दारात सौम्या कॉफी घेऊन उभी होती. "बसवंत, चिकपेटेत जा. हिच्या भावाच्या दुकानात बघ, मिळेल."

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी कुणाला काही म्हणत नाही. यंत्राला माझ्याशिवाय हात लावणारं दुसरं कोण आहे, तेवढं सांग."

सौम्यानं ट्रे खाली ठेवला. वादबीद काही नाही. आत गेली आणि बॅग भरायला लागली. रत्नाबाई अण्णांना म्हणत होत्या, "ठेवला कुठं होता, ते तर सांगा," आणि अण्णा तोंड उघडत नव्हते. बसवंतनंच धावत जाऊन भीमाचार्यांना आणलं. त्यांनी माझ्यापुढं बसून साधा प्रश्न केला. "सर, फाइल कुठं होती?"

अण्णा पुटपुटले, "त्या... टोपलीत."

"कचऱ्याच्या?"

"कुणी बघू नये म्हणून."

भीमाचार्यांना हसू आवरेना. "आणि दसऱ्याला घर झाडलं असेल की तुमच्याकडं!"

रत्नाबाई म्हणाल्या, "मीच झाडायला लावलं हो. टोपली भरलेली दिसली, मीच म्हटलं, काढ."

भीमाचार्यांनी पुष्कळ खटपट केली. पण त्या जागेवर नवं काम लिहिलं गेलं होतं. एका पंखाचा तुकडा निघाला, बाकी काही नाही. उन्हाळ्यापासूनची अण्णांची दृष्टी त्या टोपलीतून गेली ती गेलीच.

सौम्या बॅग घेऊन उंबऱ्याशी आली होती. अण्णा उठले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"अण्णा, मला इथं नका सांगू," ती म्हणाली. "तुम्ही बसवंतदादांच्या पुढं बोललात. संध्याकाळपर्यंत मागावरच्या सगळ्यांना कळेल, मग माझ्या भावाला. तिकडं जाऊन सांगा."

अण्णा चपला घालून निघाले. मी काही ते बघितलं नाही, पण बसवंतनं नंतर माझ्यासमोरच सांगितलं. अण्णांनी त्याचे माग थांबवायला लावले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "काठ मीच कचऱ्यात टाकला आणि आळ सुनेवर घेतला." तिथून ते तसेच चिकपेटेत अभिराजकडं गेले. परत आले तेव्हा बॅग उंबऱ्याशीच होती, आणि सौम्या माझ्यापुढं बसली होती.

"सांगा," ती म्हणाली. "पहिलं तोंड कुठून सुरू करायचं?"

अण्णा सांगत गेले, ती चौकटी भरत गेली. दिवाळी त्यातच गेली आणि बसवंतचे माग तोवर अडून राहिले. गंडभेरुंड पहिल्यासारखा झाला नाही. पण तो विणला गेला, आणि काठ कुणाचा असं कुणी विचारलं तर अण्णा "आमच्या सौम्याचा" म्हणायचे.

पण मित्रांनो, सगळं गोड झालं असं समजू नका. सौम्यानं मला परवलीचा शब्द घातला. अण्णांना सांगितला नाही, त्यांनी विचारलाही नाही. बरं, त्या विंडोजची गंमत अशी होती की शब्द माहीत नसला तरी कळफलकाच्या कोपऱ्यातलं 'एस्केप' दाबलं की ती सरळ आत सोडायची. भीमाचार्यांनी हे अण्णांना कानात सांगून ठेवलं होतं, अडीनडीला असू द्या म्हणून. मीही संशयानं बघत राहिलो, आज दाबतील, उद्या दाबतील.

आता माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली आहेत. त्यांच्या नव्या प्रणाली मला पेलवणार नाहीत आणि मी कोपऱ्यात पडून असतो. जाता येता माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. घरात काही हरवलं तर आधी आपण लपवायच्या जागा बघा, माणसांच्या तोंडाकडं मग बघा. कारण एकदा आळ घेतला की विश्वास परत यायला फार दिवस लागतात, आणि तोवर नुसतं थांबावं लागतं. अण्णा थांबले. जोवर मी कामात होतो, तोवर ते रोज सकाळी येऊन माझ्यापुढं बसायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि स्वयंपाकघराकडं बघून म्हणायचे, "सौम्या, तुझं काम झालं की स्वल्प उघडून दे गं."

'एस्केप'ला त्यांनी कधी बोट लावलं नाही.