पाच वाजेपर्यंत गप्प

मी एक जुना टेलिफोन आहे. रंगाने काळा, वजनाने चांगलाच भारी, आणि माझी ख्याती न वाजण्याबद्दल! हसू नका, मित्रांनो, सांगतो.

अनेक देशांनी मिळून एक लष्करी युती केली होती. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, अशी त्यांची शपथ. मला युतीच्या चिटणीसांच्या टेबलावर बसवले. तिथली रीत अशी, की ठरावाचा मसुदा सकाळी सगळ्या देशांना जायचा. कोणाची हरकत असेल तर त्याने पाचच्या आत माझ्यावर कळवायचे. मी वाजलो नाही, की ठराव मंजूर.

तेव्हा युतीचे काम एकच होते, समोरच्या बलाढ्य शत्रूवर नजर ठेवणे. पुढे तो शत्रूच विस्कटला. आता 'गरज सरो, वैद्य मरो' होणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. पण युतीने नवी कामे अंगावर घेतली. तिने भूकंपात तंबू पोचवले, दूरच्या समुद्रात चाच्यांपासून जहाजे राखली. मग ती संगणकांवरचे हल्ले परतवायला शिकली. हरकतीही संगणकावरूनच येऊ लागल्या आणि माझ्यावर धूळ साचली. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एकदा मसुदा निघाला, की सर्वांत लहान देशाच्या सीमेवरची युतीची तुकडी काढून दूरच्या समुद्रावर पाठवावी. त्याच सीमेपलीकडे शेजाऱ्याने नुकतेच रणगाडे आणून उभे केले होते, आणि त्या देशाचे संगणकही दोन दिवसांपासून बंद पाडून ठेवले होते. त्यांची सगळी भिस्त माझ्यावर. आणि माझी वायर? ती चिटणीसांनी सकाळीच काढून तिथे नवे यंत्र जोडले होते.

पाच वाजले. "कोणाचंच काही म्हणणं नाही," म्हणत चिटणीसांनी सही केली.

सात मिनिटांनी त्या देशाच्या राजदूत बाई धापा टाकत आल्या.

"तासभर फोन लावतेय, साहेब. उचलत का नाही?"

"वाजलाच नाही, बाई. आता वेळ टळली. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

दारात साफसफाईच्या मावशी उभ्या होत्या. "वाजणार कसा?" त्या म्हणाल्या. "वायर सकाळपासून लोंबतेय. मला वाटलं, ह्याला आता भंगारातच काढलं."

साहेबांनी मला कानाला लावले. त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," एवढेच बोलून त्यांनी सही केलेला कागद फाडला. तुकडी सीमेवरच राहिली.

आता रोज पावणेपाचला ते स्वतः मला उचलतात आणि एकेका देशाला विचारतात, सर्वांत लहान देशाला आधी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तर आहेच. पण कोणी गप्प असेल तर त्याला होकार समजू नका, एकदा विचारा. त्या संध्याकाळी मी गप्प होतो, आणि पलीकडे एक अख्खा देश हाका मारत होता.