माझा भोंगा दुसरीच्या गळ्यात

मी चार दारांची गाडी बोलतेय. म्हणजे, होते चार दारांची. आता दार एकही नाही, बूड नाही, तोंड नाही. तोंड नसताना बोलते कशी, असले प्रश्न विचारू नका. तुमच्या वर्गातली ती बडबडी थांबते का कधी? तशीच मी.

जन्म कारखान्यातला. तिथल्या त्याच सरकत्या पट्ट्यावरून दोन दारांच्या लाल गाड्याही निघायच्या. सांगाडा तोच, पुढचे पत्रे तेच, स्टिअरिंगचा दांडासुद्धा तोच. फक्त त्यांच्या पोटात दणकट इंजिन घातलं आणि माझ्या पोटात शिलाई मशीन. बास, एवढाच फरक. पण त्यांना बघून पोरं शिट्ट्या मारायची आणि मला बघून म्हणायची, "काय गं, आजीला दवाखान्यात न्यायला निघालीस?"

निघाले होतेच की! त्यात लाजायचं काय?

मला घेतलं मिस नेल्डा क्रॅबट्रीनं. अमेरिकेतल्या टेनेसीतलं डोंगरातलं गाव, तिथल्या शाळेत ती पोरांना जेवण वाढायची. अख्खं गाव तिला मिस नेल्डाच म्हणायचं, टक्कल पडलेले बाप्येसुद्धा. मक्याच्या पावाचे ट्रे वाहून वाहून माझ्या सीटला जो वास लागला, तो कधी गेला नाही.

माझी एक खोड होती. डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजायचा. दांड्यातली वायर घासते, असं मिस्त्री म्हणायचा. घासत असेल, पण मला मजा यायची. आवाज कसा, तर सर्दी झालेल्या बदकासारखा. एकदा एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत होतो. पुढे शवपेटी, मागे दिवे लावून गाड्यांची रांग, सगळे गंभीर. आणि दफनभूमीचं वळण नेमकं डावीकडे! मी अशी कोकलले की म्हाताऱ्याची बायको रडता रडता फिसकन हसली.

मिस्त्री म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, दुरुस्त करून टाकतो."

मिस नेल्डा म्हणाली, "राहू दे रे. घरी गेल्यावर तरी माझ्याशी कोण बोलतंय?"

मग तिचे डोळे गेले. पार नाही, पण गाडी चालवण्याइतके उरले नाहीत. मी ओसरीसमोर उभी. माणसं यायची, माझ्या चाकाला लाथ मारायची, खाली वाकून बूड बघायची. "अरे वा, गंज नाही! सुट्या भागांसाठी नेतो," म्हणायची. तेवढं ऐकलं की मिस नेल्डा त्यांना फाटक दाखवायची.

आणि एक दिवस डॉयल हेन्सली आला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ वेड, दोघंही तिच्या हातचं जेवून मोठे झालेले. वेड आजारानं गेला होता. त्याची लाल, दोन दारांची गाडी डॉयलच्या कोठारात सडत होती.

"डॉयल, खरं सांग. तोडायला नेतोयस का हिला?"

डॉयलनं टोपी काढली. "नाही मॅम. वेडची शपथ. तुमच्या गाडीला हात लावणार नाही. धुऊनपुसून चालवीन."

"आणि मला फिरवशील?"

"फिरवीन, मॅम."

हात मिळवला. आमच्याकडे हात मिळवला की झालं, मग कुणी काही विचारत नाही. वर तिनं त्याला पीचच्या मुरंब्याची बरणी दिली. मी तर खूश होऊन डावीकडे वळून केवढी कोकलले!

कोठारात ती लाल महाराणी उभी होती. बुडाची चाळण झालेली, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. तिथे डॉयलचा दोस्त जुनिअर टीग होता. नाव जुनिअर, वय पन्नास, पोट टायरएवढं.

"ही कापणार तू?" जुनिअर म्हणाला. "अरे, चालत आलीय ती! भोंगा वाजवत आलीय!"

"चार दारांची आहे रे. कोण विचारतं हिला?"

"मिस नेल्डा विचारते, माठ्या. भंगारातली घे ना एखादी."

"भंगारात एक उरलीय का? सगळी आधीच कापून खाल्ली लोकांनी." डॉयलनं लाल गाडीच्या टपावर हात ठेवला. "वेडची गाडी सुरू झालेली ऐकायचीय मला, एकदाच. आणि मिस नेल्डाला दिसतंय कुठे?"

आणि पत्रा कापायचं मशीन धरलं कुणी, तर जुनिअरनंच. माणसांचं हे मला कधी कळलंच नाही.

मला ते 'डोनर' म्हणायचे. रक्त देणाऱ्याला निदान आधी विचारतात, नंतर बिस्कीट देतात. माझं बूड गेलं, पुढचे पत्रे गेले, वायरी गेल्या, भोंग्यासकट स्टिअरिंगचा दांडा गेला. शिलाई मशीन अंगणात उलटं पडलं. दारं त्या लाल महाराणीला बसेनात, म्हणून बकऱ्यांच्या कुंपणाला लावली. एक बकरी तर माझ्या खिडकीतून डोकं काढून ऐटीत बघते. जणू बाईसाहेब बाजाराला निघाल्यात.

मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मिस नेल्डाची भाची तिला थेट इथेच घेऊन आली. "डॉयल, फिरवणार होतास ना रे?" मिस नेल्डानं विचारलं.

डॉयल पांढरा पडला. पण हात धरून त्यानं तिला लाल गाडीत बसवलं. मी मागे ताडपत्रीखाली.

"दार केवढं लांब रे हे," ती म्हणाली.

"नवीन बसवलंय, मॅम."

इंजिन गुरगुरलं. अक्रोडाच्या झाडाला वळसा घालायला डॉयलनं स्टिअरिंग फिरवलं. डावीकडे.

सर्दी झालेलं बदक ओरडलं.

"आली गं माझी!" मिस नेल्डानं टाळीच वाजवली. हसत हसत हात मागे नेला, ट्रे ठेवल्यावर बघायची तशी मागच्या दाराची कडी चाचपायला. चाचपत राहिली. हसू हळूहळू विझलं.

"डॉयल, मागचं दार कुठंय?"

डॉयलनं इंजिन बंद केलं. जुनिअर कोठारातूनच म्हणाला, "सांग की आता."

"बकऱ्यांकडे आहे, मॅम."

मग तिनं विचारलं, अगदी हळू, जसं पोरांना विचारायची, अजून वाढू का म्हणून, "मग आला का रे वेड परत?"

डॉयलनं मान खाली घातली. "नाही, मॅम."

ती उतरली, भाचीला धरून माझ्यापर्यंत आली. ताडपत्रीवरून माझ्या टपावर दोनदा थाप मारली, नेहमी मारायची तशी. सगळा जन्म नको तिथे कोकलले मी. त्या दिवशी खरंच कोकलायचं होतं, आणि भोंगा दुसरीच्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी डॉयलनं दांड्यातली ती वायर तोडून टाकली. ऐकवत नव्हतं म्हणे त्याला. आता लाल महाराणी डावीकडे वळते तेव्हा आवाज येत नाही. वेडचा नाही आणि माझाही नाही.

मला दाबून चौकोनी गठ्ठा करायला न्यायची गाडी आलीय. जुनिअर साखळ्या बांधतोय, माझ्याकडे न बघता. तुम्ही जुन्या गाड्या खुशाल सजवा, फोटो काढा. फक्त आपल्या पायांनी चालत आलेल्या एखादीला हात लावाल, तेव्हा तिला एकदा डावीकडे वळवून बघा. काय म्हणते ते ऐका तरी.

चला, उचलतायत. बकरी बघतेय माझ्या खिडकीतून. बघ बाई, तू तरी बघ.