चार अंश की नऊ अंश?

मी बोलतोय, पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझ्या आयुष्यात जो कुणी आला तो भिंग घेऊनच आला, त्यामुळे तुम्हीही भिंग घेऊन बसलात तर मला राग येणार नाही.

मी एक स्फटिक आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, करडा, दिसायला अगदी सामान्य. स्वीडनमधल्या अप्साला गावातल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. मला घडवलं एवाल्डने. तो भट्टीवरचा कारागीर. गॅडोलिनियम नावाच्या धातूत आणखी दोन मूलद्रव्यं तोलून मिसळायची, तांब्याच्या थंडगार तव्यावर ठेवायची आणि वरून विजेचा जाळ सोडायचा, हे त्याचं काम. थालीपीठ उलटावं तसं त्याने मला सहा वेळा उलटून पुन्हा पुन्हा वितळवलं. मग हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "जमलं बुवा."

माझ्यात एक गुण आहे. गारठ्यात माझ्या अंगातले सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात, म्हणून लोहचुंबक मला चटकन ओढून घेतो. ऊब वाढली की ते पांगतात आणि चुंबक मला जवळजवळ ओळखही दाखवत नाही. ही ओळख नेमकी किती अंशाला तुटते, हे शोधण्यासाठीच माझा जन्म होता.

प्राध्यापक सिगवार्ड आल्बुम यांनी ते शोधलं. उंच, ताठ माणूस. शर्टाच्या बाहीची गुंडी कधी उघडी दिसायची नाही. त्यांनी आकडा काढला, नऊ अंश. तो छापून आला, चार देशांतल्या लोकांनी आपल्या लेखांत घेतला, आणि मी तेलाच्या कुपीत बंद होऊन कपाटात गेलो. तिथे बारा वर्षं कुणी फिरकलं नाही.

बारा वर्षांनी कपाट उघडलं ते गुनवोर लिंडरूटने. ती सरांचीच विद्यार्थिनी. आता सर निवृत्तीला आले होते आणि प्रयोगशाळा तिच्या हाती येणार होती. नवा तक्ता तयार करायचा म्हणून तिने मला पुन्हा मोजायला घेतलं. यंत्राचं पेन कागदावर सरकत राहिलं आणि एका जागी एकदम वर उडालं. तिने वाकून पाहिलं. चार अंश!

तिने दुसऱ्या दिवशी मोजलं, चार. तापमापक बदलून मोजलं, तरी चारच.

खरं तर इथे एवढंच व्हायला हवं होतं की दोघांनी समोरासमोर बसून कॉफी प्यावी आणि बोलावं. पण गुनवोरच्या मनात पाल चुकचुकली. तिने सरांच्या जुन्या वह्या मागवल्या आणि दार लावून घेऊन त्या चाळायला बसली. वह्या फार सुबक होत्या. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. महिनाभराचे आकडे एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. तिने भिंग काढून शाई तपासली. मी टेबलावरच होतो. ती स्वतःशीच पुटपुटली, "रोज लिहिलं असतं तर शाई अशी एकसारखी दिसली असती का?"

सरांची खोली तर भिंतीपलीकडेच होती. सरांना वास आलाच. ते एके दिवशी न सांगता आत आले.

"माझा आकडा खोटा आहे, असं म्हणतेयस म्हणे."

"मी कुठे म्हटलं, सर? माझा वेगळा येतोय, एवढंच."

"म्हणजे तेच की!" सर खुर्चीवर बसलेच नाहीत. "मी जायच्या आत माझं नाव पुसायची एवढी घाई कशाला? चार महिने थांब, आपोआपच पुसेल."

"तुमचा आकडा बरोबर असेल, तर हा स्फटिक तो नाही," गुनवोर म्हणाली.

बोलून गेली खरी, पण त्या वाक्याने दोघांनाही एकदम मोकळं वाटलं. सर खोटे नव्हते, ती चुकली नव्हती. दगड बदलला होता! आता एकमेकांकडे पाहायची गरज उरली नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी चिमट्याने मला उचललं, उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"याचा कोपरा कुठे गेला?"

एवाल्डला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला. वय साठीच्या पुढचं, डोळ्यांच्या कडा भट्टीच्या धगीने लालसर. सरांनी मला त्याच्यासमोर धरलं.

"पडला होता," एवाल्ड म्हणाला. "माझ्याच हातून. तुम्ही मोजून झाल्यावर कुपीत घालताना. कोपरा उडाला."

"मग सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं. लाज वाटली."

गुनवोरने हळूच विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीत, एवाल्ड?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, कोपरा गेला म्हणून अंश बदलत नाही, मी तोच आहे! पण स्फटिकाचं कोण ऐकतं? एवाल्डने तिच्याकडे पाहिलं. ती नोकरीला लागली तेव्हा भट्टीपुढे उभं कसं राहायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने गळ्यातला कातडी अ‍ॅप्रन काढला, घडी घालून माझ्याशेजारी ठेवला आणि निघून गेला.

आठवड्याभरात बातमी संस्थाभर झाली की एवाल्डने मूळ स्फटिक हरवला आणि दुसराच ठेवून दिला. कुणी तसं लिहून दिलं नव्हतं. कुणी नाकारलंही नाही. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना त्याने राजीनामा दिला आणि तळ्याकाठच्या आपल्या घरी जाऊन राहिला.

तुम्हाला वाटलं असेल, प्रकरण मिटलं. पण संशयाचा किडा एकदा लागला की तो असा पोट भरून थांबत नाही. गुनवोरने माझा भुगा कणभर काढून तपासला. घटक तेच, प्रमाण तेच. मग दगड बदलला कसा? आणि नसेल बदलला, तर? ती बेचैन झाली. एप्रिलमध्ये रस्त्यांवरचा बर्फ थोडा हटल्यावर तिने मला कोटाच्या खिशात घातलं आणि गाडी काढली. खिशात माझ्यासोबत दुसरी एक कुपी होती. तिच्यात माझ्यासारखाच दिसणारा वेगळा स्फटिक. निघण्याआधी तिने पकडीने त्याचाही कोपरा उडवला होता. मला त्या खिशात फार अवघडल्यासारखं झालं.

एवाल्डने दार उघडलं. आश्चर्य दाखवलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिला बसवलं, कॉफी ओतली, दालचिनीचे पाव पुढे सरकवले. गुनवोरने दोन्ही कुप्या टेबलावर ठेवल्या.

"यातला तुमचा कुठला?"

एवाल्डने चष्माही लावला नाही. बोटाने मला पुढे ओढलं. "हा. पोटावर बारीक रेघ आहे बघ, पाचव्यांदा उलटताना जाळ जरा हलला होता माझा." मग दुसरी कुपी उचलून त्याने खिडकीकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली. "आणि याचा कोपरा या आठवड्यात तुटलाय. तुटलेली जागा अजून चकाकतेय. जुनी जखम काळवंडते, गुनवोर."

गुनवोरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कॉफीच्या कपाभोवतीचे हात तिने सोडले नाहीत.

"माझी परीक्षा घ्यायला आलीस होय? एवढ्या लांब?"

"मला दुसरा मार्ग दिसेना," ती म्हणाली. "तुम्ही बदलला नाहीत, मग सरांचे आकडे बनावट. वही पाहिलीय मी. एक खाडाखोड नाही."

"अगं, ते कच्च्या कागदावर लिहायचे आणि रविवारी वहीत उतरवून काढायचे. बायको ओरडायची त्यांची. कधी विचारलंस त्यांना?"

गुनवोरने नकारार्थी मान हलवली.

"तू मोजतेस कसं?" एवाल्डने विचारलं.

"नेहमीसारखंच. खोलीच्या उबेपासून सुरू करते आणि गार करत नेते."

"गार करत?" त्याने पाव खाली ठेवला. "साहेब तर उलट करायचे. मी आदल्या संध्याकाळी याला द्रवरूप नायट्रोजनाने गारठवून ठेवायचो आणि सकाळी ते हळूहळू ऊब देत मोजायचे. म्हणजे जिना एकच, पण ते चढताना पायऱ्या मोजतायत आणि तू उतरताना."

"त्याने फरक पडायला नको," गुनवोर पटकन म्हणाली. "अशा पदार्थांत नाही पडत."

"नसेल पडत. तू शिकलेली. पण पाहिलंयस का कधी?"

तिने पाहिलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. ती उठली, दोन्ही कुप्या खिशात टाकल्या आणि निघाली. घाईत आभार मानायचे राहिले. दुसरंही बरंच काही राहिलं.

त्यानंतरचे दिवस माझी कसोटी पाहणारे होते. तिने मला गार केलं आणि लगेच परत गरम केलं. पेन एका वाटेने वर गेलं आणि परतताना वेगळ्याच वाटेने आलं. दोन रेघांच्या मध्ये कोऱ्या कागदाचं एक बेट राहिलं. गार होताना मी चार अंशाला चुंबकाच्या ओढीत यायचो, पण एकदा आलो की गरम करताना नऊ अंशापर्यंत सुटायचो नाही. सगळ्यांना वाटत होतं माझ्यातला बदल सावकाश, चढणीसारखा होतो. तसं नव्हतं. पाण्याचा बर्फ व्हावा तसा मी आतून एकदम दुसरा होत होतो, अंगाची मांडणीच बदलत होतो, आणि त्या दुसऱ्या रूपाला सहज सोडत नव्हतो.

गुनवोरचा या बेटावरही विश्वास बसेना. तापमापक मागे पडत असेल, म्हणून तिने एक अंश चढायला एक तास घेतला. बेट तसंच. अकरा वेळा केलं. बेट तिथेच. शेवटी ती कागदाची गुंडाळी घेऊन सरांच्या खोलीत गेली, आणि मी यंत्रातून निघून तिच्या मुठीतच होतो म्हणून पुढचं ऐकलं.

सरांनी कागद टेबलभर पसरला. बोट आधी एका रेघेवरून फिरवलं, मग दुसऱ्या.

"म्हणजे दोन्ही खरे?"

"दोन्ही खरे, सर."

सर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "मला वाटलं, तू मला खोडून काढायला निघालीस."

"मला वाटलं, तुम्ही आकडे बनवलेत."

"माहितीये. भिंगातून शाई बघत होतीस. दार नीट लागत नाही तुझं." ते कोरडं हसले. मग त्यांचं हसू गेलं. "एवाल्डला कुणी कळवलं का?"

कुणीच कळवलं नव्हतं.

लेख तयार झाला. त्यावर तिसरं नाव एवाल्डचं घालायचं, असं दोघांनी ठरवलं आणि त्याला पत्र पाठवलं. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं. "माझं नाव घालू नका. मी स्वतः पाहिलेलं नाही."

त्याच सुमारास माझे दोन तुकडे झाले. प्रत्येक बदलात माझं अंग फुगतं आणि आवळतं. कितीदा सोसायचं? पोटावरच्या रेघेतूनच मी दुभंगलो. गुनवोरने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. एक प्रयोगशाळेत ठेवला. दुसरा, म्हणजे आता बोलतोय तो, कुपीत घालून ती पुन्हा तळ्याकाठी गेली.

या वेळी एवाल्डने तिला आत बोलावलं नाही. दारातच उभं केलं.

"मी माफी मागायला आले," ती म्हणाली. "मागच्या वेळीच मागायला हवी होती."

"हो, तेव्हाच मागायला हवी होतीस."

"संस्थेत सगळ्यांसमोर सांगितलंय मी, की तुम्ही बदलला नव्हता."

"आता काय सांगायचं? मी नसताना सगळ्यांनी ऐकलं, मी नसतानाच सगळे विसरतील." त्याने हात पुढे केला. "तो दे इकडे."

तिने कुपी दिली. दार लागलं. बराच वेळ गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

तेव्हापासून मी एवाल्डच्या खिडकीत असतो. त्याला गुनवोरचा लेख टपालाने मिळाला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "बघू या." त्याचा कुणाच्या आकड्यांवर विश्वास उरला नव्हता, तिच्या तर नाहीच. थंडी पडल्यावर त्याने पत्र्याच्या डब्यात मला आणि तापमापकाला शेजारी शेजारी ठेवलं. दोऱ्याला बारीक लोहचुंबक टांगला. डबा कधी ओसरीवर, कधी चुलीजवळ, तर कधी उंबऱ्यात. चुंबक माझ्याकडे कधी झुकतो आणि कधी सुटतो, हे तो तासन्‌तास बसून पाहायचा आणि पेन्सिलीने कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बायको म्हणायची, "त्या दगडाशी जेवढं बोलतोस तेवढं माझ्याशी बोललास तर बरं होईल." तो "हं" म्हणायचा आणि डबा उंबऱ्यात सरकवायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी त्याने कॅलेंडर उलटं करून सगळे आकडे एकाखाली एक मांडले. पेन्सिल कानामागे खोचली. फोनपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला आणि नंबर फिरवला.

"गुनवोर? एवाल्ड बोलतोय. नऊ बरोबर आहे. पण तुझी खालची रेघ चुकलीय. चार नाही, साडेचार."

पलीकडून आवाज इतक्या जोरात आला की मला खिडकीत ऐकू गेला.

"शक्यच नाही! मी अकरा वेळा मोजलंय!"

"मी सत्तावीस वेळा."

"कशाने? घरगुती तापमापकाने?"

"हो. तुझा तपासून घे आधी."

"मग या इथे आणि दाखवा," ती म्हणाली. तिचा आवाज मध्येच चिरकला. "भट्टी बंदच आहे तुम्ही गेल्यापासून. सोमवारी या."

एवाल्ड खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मंगळवारी येतो. सोमवारी बायकोला दवाखान्यात न्यायचंय."

आज रविवार आहे. मी कुपीत आहे, कुपी त्याच्या कोटाच्या खिशात आहे आणि कोट दाराशी टांगलेला आहे. माझ्या अंगात आणखी एक तडा गेलाय, तो अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही. मंगळवारी ही दोघं माझ्यावरून कडाकडा भांडतील, एकमेकांचे तापमापक काढून बघतील, एकमेकांच्या आकड्यांवर शंका घेतील. घेऊ देत. माझं मागणं एवढंच की भांडताना दोघांनी एकाच टेबलाशी बसावं आणि जे विचारायचं ते एकमेकांना तोंडावर विचारावं. मी आणखी किती फेऱ्या टिकेन, सांगता येत नाही.