बसल्या जागी नऊ हजार पावलं

मुलांनो, एक कल्पना करा. त्यासाठी डोळे मिटायची गरज नाही. डोळे मिटायला सांगणारा एक माणूस या गोष्टीत येणारच आहे, तेव्हा तुम्ही आपले उघडेच ठेवा.

वर्सोव्याचा कोळीवाडा. संध्याकाळचे पाच. समाजमंदिरात शंभरेक माणसं मांडी घालून बसली आहेत आणि सगळीच्या सगळी चालत आहेत!

कशी म्हणून विचारू नका. प्रत्येकाच्या उजव्या मनगटावर एक काळा पट्टा आहे, पट्ट्याच्या काचेवर हिरवा आकडा आहे. माणसं टाळ्या वाजवत जप करताहेत आणि आकडा वाढतो आहे. सहा हजार, सात हजार, आठ हजार पावलं! सतरंजीवरून कोणी तसूभरही हललेलं नाही.

समोर गादीवर चंद्रप्रकाश महाराज. रेशमी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, कानाजवळ मायक्रोफोन.

"मिटा डोळे! पायानं चालतो तो प्राणी, कृपेनं चालतो तो भक्त. तुम्ही बसा. तुमच्या वतीनं मी चालतो. प्राणतरंग क्वांटममधून निघतो आणि पट्ट्यात उतरतो. विज्ञानानं आत्ता मानलं, आम्ही आधीच मानत होतो!"

क्वांटम म्हणजे काय हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. त्यात महाराजही आले.

पट्टे महाराजांकडूनच घ्यायचे. ते उजव्याच हाताला बांधायचे, आणि रोज सहा वाजता, जप संपला की, काढून त्यांच्या चौरंगावर ठेवायचे. प्रत्येक पट्ट्याला नावाची चिठ्ठी. महाराज आकडा वाचत आणि भक्ताची पायरी सांगत. पाच हजारांच्या वर साधक, नऊ हजारांच्या वर सिद्ध.

कमळआजी तिसऱ्याच दिवशी सिद्ध झाली.

कमळआजी घरच्या ओट्यावर बसून कोळंबी सोलायची आणि बाजारात विकायची. तिला साखरेचा आजार. दवाखान्यातल्या रुचिका डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "आजी, गोळ्या वेळेवर, आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं. नाहीतर पाय गमावाल." आजी ऐकायची. रोज संध्याकाळी मढची फेरीबोट सुटते त्या जेट्टीपर्यंत जाऊन यायची. पट्टा आल्यापासून ती ओट्यावरून उठेना.

"नऊ हजार झाली गो! आणखी कशाला चालू?" ती नातीला, उत्तराला म्हणायची. उत्तरा सहावीत होती आणि तिला प्रश्न विचारायची वाईट खोड होती.

"आजी, पण तू तर सकाळपासून इथेच बसलीयस!"

"मी बसलीय. महाराज चालतायत."

"मग शुगर त्यांची उतरेल ना, तुझी कशी उतरेल?"

आजीने कोळंबीचं डोकं कचकन पिरगाळलं.

पुढच्या तपासणीत साखर एकशे ऐंशीवरून दोनशे नव्वदवर गेली. पायांना मुंग्या येऊ लागल्या. आजीने महाराजांना विचारलं. महाराज प्रसन्न हसले. "मुंग्या नव्हेत माउली, कृपा चढतेय. गोळ्या अर्ध्या करा, तिला वाट द्या." त्या रात्री उत्तराने गोळ्यांचं पाकीट मोजलं. आजीने खरोखरच अर्ध्या गोळ्या घेतल्या होत्या.

आता लवूची गंमत ऐका. लवू म्हणजे शेजारचा, बर्फाची हातगाडी ढकलणारा. पहाटेपासून बंदर ते बाजार अशा त्याच्या वीस-वीस खेपा व्हायच्या, टाळ्या वाजवत जपाला बसायला वेळच नसे. कोळीवाड्यात त्याच्याइतकं कोणी चालत नसेल. आणि त्याचा आकडा निघाला तीनशे बारा!

महाराजांनी पट्टा दोन बोटांत असा धरला, जणू नासलेला मासा. "लवू, काय पाप केलंस रे? देव तुझी पावलं मोजायलासुद्धा तयार नाही!"

सगळे लवूकडे बघू लागले. एका होडीवाल्याने तर त्याच्याकडून बर्फ घेणंच बंद केलं. पापी माणसाचा बर्फ, मासळी टिकायची नाही म्हणे.

लवूने पट्टा उत्तराच्या हातावर टाकला. "ठेव तुझ्याकडं. मी चाललो उद्या माहुलला बहिणीकडं. वाट लावली यार या पट्ट्यानं."

शनिवारी, लवू गेल्यावर, उत्तराने पट्टा आपल्या हाताला बांधला आणि गल्लीत शंभर पावलं चालली, तोंडाने मोजत. पट्टा म्हणाला, अठ्ठ्याण्णव. बरं. मग लवूमामाच्या रिकाम्या गाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पुन्हा शंभर पावलं गाडी ढकलली. पट्ट्यावर वाढली फक्त चार. मग आजीशेजारी ओट्यावर बसली आणि निमूटपणे कोळंबी सोलू लागली. पाय हलवायचा नाही असं ठरवून. अर्ध्या तासाने पट्ट्यावर आणखी सातशे पावलं होती.

"आज मदत करतेस? अंगात आलं की काय?" आजी म्हणाली.

"अंगात नाही गं, डोक्यात येतंय काहीतरी," उत्तरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी नेहमीप्रमाणे पट्टे चौरंगावर आले. महाराजांनी एक उचलला, चिठ्ठी वाचली, आणि त्यांचे डोळे चमकले.

"लवू! नऊ हजार चारशे छत्तीस! बघा, बघा भक्तहो! परवाचा पापी आज सिद्ध! लवू, काल रात्रभर जप केलास ना? खरं सांग, तुझ्या डोळ्यांत मला पश्चात्तापाचं पाणी दिसतंय!"

"महाराज," उत्तरा उभी राहिली, "लवूमामा काल सकाळीच माहुलला गेला. इथे नाहीये तो."

सभेत चुळबुळ झाली. महाराजांनी पट्टा उंच धरला. "देह माहुलला असेल. पट्टा कोणाच्या हाती होता?"

"हाती नव्हता. शेपटीला होता." उत्तराने पिशवीतून एक अर्धवट सुकलेला बोंबील काढला आणि चौरंगावर ठेवला. "सकाळपासून हा मासळी सुकवायच्या वलांडीवर टांगला होता. वारा जोरात होता आज. हाच तुमचा सिद्ध."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. पण महाराज कसलेले. त्यांनी हात वर केला. "शांत! बोंबील म्हणजे जीवच ना? भगवंताची कृपा चराचरावर असते. धन्य तो बोंबील!"

आणि खोटं कशाला सांगू, पाच-सहा माना डोलल्यासुद्धा.

मग कमळआजी उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

"अरे मेल्या, तो मेलेला हाय! पन्नास वर्षं मासळी विकली मी, जिता आणि मेला मना शिकवतोस? सुक्या बोंबलाला नऊ हजार आणि मनापण नऊ हजार? म्हणजे माझ्यात आणि त्याच्यात काय फरक रं?"

महाराजांनी पुन्हा क्वांटम, प्राणतरंग सुरू केलं, पण हशात ते कोणाला ऐकूच गेलं नाही. गर्दी एकदम गादीकडे सरकली. काही जण जाब विचारायला, काही नुसतेच ओरडायला. त्या गडबडीत कफनी मागच्या दाराने गेली. तेव्हा मात्र महाराज स्वतःच्या पायांनी, आणि चांगले भरभर चालले.

चमत्काराचा उलगडा अगदी साधा आहे. पट्ट्यात एक इवलासा संवेदक असतो. त्याला पाय दिसत नाहीत, देवही दिसत नाही. त्याला कळतात फक्त हिसके. माणूस चालताना हात मागेपुढे झुलतो, म्हणून ठराविक तालातला हिसका आला की तो समजतो, पडलं पाऊल. टाळी वाजवा, कोळंबी सोला, बोंबील वाऱ्यावर डोलू द्या, तो मोजत राहतो. आणि लवूसारखा दांडा हातांनी घट्ट धरलेला असला, की माणूस दमून गेला तरी तो गप्प. महाराजांनी पट्टा कामाच्या हाताला बांधायला लावला आणि तासभर टाळ्या वाजवायला लावल्या, एवढीच त्यांची सिद्धी.

पट्टा खोटा नाही, हे लक्षात ठेवा. डॉक्टरही असे पट्टे वापरतात, आणि त्यांचा उपयोग होतो. पण यंत्राने आकडा दाखवला की आधी विचारावं, हे नेमकं काय मोजतंय? शंभर पावलं आपण तोंडाने मोजून चालून बघावं आणि पट्ट्याशी ताडून पाहावं. जो माणूस ताडून बघू देत नाही, त्याच्याकडून पट्टाही घेऊ नये आणि गोळ्यांचा सल्ला तर मुळीच नाही.

समाजमंदिर रिकामं झालं. आजी पायरीवर बसून राहिली, पदराने तोंड पुसत. एवढ्या माणसांत फसले म्हणून लाज वाटत होती, आणि पायांना मुंग्या तर येतच होत्या.

"रुचिका डॉक्टर काय म्हणतील गो?" ती पुटपुटली.

"म्हणतील, बरं झालं लवकर आलात. उद्या सकाळी जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

मग उत्तराने आजीचा पट्टा आत चौरंगावरच राहू दिला, तिच्या चपला तिच्यासमोर सरळ करून ठेवल्या, हात पुढे केला आणि जेट्टीच्या दिशेने तिला घेऊन निघाली. मोठ्याने मोजत: एक, दोन, तीन...