जित्त्या बाईचं मरण

बाळासोनं आईला आतल्या खोलीत लोटून बाहेरनं कडी घातली, तेव्हा झुंबरबाई घाबरली नव्हती. दारात कुणी आलं की तो असंच करायचा. तिच्या गालात आतनं चिघळलेली जखम, तिचा वास, तोंडाला गुंडाळलेला पदर, हे कुणाला दिसू नये एवढंच त्याला हवं असायचं. साखर कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यानं कसबा बावड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आजऱ्याकडच्या गावातनं आईला आणलं ते ‘डाक्टरला दावतो’ म्हणून. दिवाळी होऊन शिमगा आला, पण डॉक्टर काही दिसला नव्हता.

बाहेर एका बाईचा आवाज आला.

“मी रोशनबी. कॅन्सरच्या पाहणीवर आलेय. हा रोग किती जणांना होतो, त्यातले किती दगावतात, याचा अंदाज काढायचाय. देशोदेशी काढतात तसा. घरात कुणाला गाठ, न भरणारी जखम?”

“न्हाय.”

“माणसं किती?”

“मी आन् बायकू. ती बाळंतपणाला कोडोलीला गेलीया.”

“शेजारी म्हणतात, एक म्हातारी होती. तोंड बांधलेली.”

झुंबरबाईनं दाराला कान लावला.

“ती माजी आय,” तो म्हणाला. “गेली ती.”

“कधी हो?”

“ह्या... गेल्या म्हैन्यात. तापानं.”

पोरगं आपली लाज धरतंय, हे ती सोसत आली होती. पण हे निराळं होतं. बोलून बसला होता तो. आता ही बाई निघून गेल्यावर काय करणार? गेली म्हणून सांगितलेलं माणूस घरात कसं ठेवणार, आणि किती दिवस? पोटच्या पोराचं भय तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. ते आता अंगात शिरलं. ओरडावं तर जबडा उघडेना. चाचपडत तिला तांब्या सापडला. तोच तिनं दारावर हाणला.

“आत कोण आहे?” रोशनबीनं विचारलं.

“मांजर हाय.”

झुंबरबाईनं तांब्या हाणायचा थांबवला नाही. “म्या हाय! जित्ती हाय म्या!” शब्द धड फुटले नाहीत, पण आवाज माणसाचा होता.

कडी बाळासोनंच काढली आणि तिथंच भिंतीला टेकून तो रडायला लागला. “घरमालक भाईर काढंल, बाई. लेकरू यायचंय घरात. त्याला लागलं म्हंजे?”

“असा लागत नाही हो हा रोग,” रोशनबी म्हणाली. तिनं बॅटरी लावून म्हातारीचं तोंड पाहिलं. “मिश्री लावता, मावशी?”

झुंबरबाईनं ‘व्हय’ म्हणून मान हलवली.

“उद्या सकाळी येते. दवाखान्यात नेते तुम्हाला.”

झुंबरबाईनं तिचं मनगट धरलं. “मला कशात धरलंस गं? मेल्यांत का जित्त्यांत?”

“जित्त्यांत, मावशी.”

“मग आजची रात हितं ठेवू नगंस.”

रोशनबीनं एकदा बाळासोकडं पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात झुंबरबाईला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. जखम सुकली, तोंड थोडं उघडायला लागलं. रोग परत उलटणार नाही, असं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. कारखान्यातनं सुटला की बाळासो रोज तांदळाची पेज घेऊन यायचा. पहिल्या दिवशी तिनं वाटीला हात लावला नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली. त्याला ते कळलं. मान खाली घालून तो आधी स्वतः घोटभर पेज प्याला, मग त्यानं वाटी तिच्यापुढं केली.

पुढं नात झाली आणि झुंबरबाई घरी आली. पोरीला ती मांडीवर घ्यायची, बाळासोशी चार शब्द बोलायचीही. पण त्याच्या हातचं काही आलं की थांबायची. तिनं सांगायची वाट न बघता तो पहिला घास खायचा. दोन वर्षांनी ती गेली, तोवर हे असंच चाललं.