बिनलोडची थोरली

मिस्त्रीच्या संसारात बायकोच्या आधी डिझेल जनरेटर आला. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत तो हॅचरीच्या मागच्या शेडमध्ये त्याचा पाया घालत होता. आपण दुसऱ्या आहोत, हे बायकोला लवकरच कळलं आणि तिनं यंत्राचं नाव 'थोरली' ठेवलं. थोरलीनं आज लवकर सोडलं वाटतं, असं ती संध्याकाळी म्हणायची आणि मिस्त्री खुशीत हसायचा. हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, पण ते त्याच्या डोक्यात शिरायला उभा जन्म जावा लागला.

हॅचरीत कोंबडीची अंडी मोठाल्या कपाटांत उबवायला ठेवलेली असत. वीज गेली आणि थोरली उठली नाही, तर पिल्लं कवचातच संपणार. म्हणून मिस्त्रीनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. नवी होती तेव्हा हळूहळू कामाची सवय लावली. ऑइल वेळेआधी बदललं, वेळेनंतर कधीच नाही. फिल्टर, पट्टे, बॅटरी, रेडिएटरचं पाणी, कशाला म्हणून दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. एकदा इंजिन पूर्ण खोलून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या होत्या, आणि नेमकी त्याच दिवशी लेक दवाखान्यात बाळंत झाली. हा बाबा शेडमध्ये कोपरापर्यंत ऑइलमध्ये बुडालेला. नातीचं तोंड त्यानं सगळ्यांत शेवटी पाहिलं. बायकोनं ते गिळलं आणि त्याला वाटलं, विसरली.

त्याचा एक नियम मात्र अख्ख्या हॅचरीला जाचायचा. दर आठवड्याला एका सकाळी तो चांगली चालू असलेली वीज आपल्या हातानं तोडायचा आणि सगळी कपाटं, सगळे पंखे थोरलीवर टाकायचा. दिवे फडफडायचे, कपाटांचे भोंगे बोंबलायचे, कामगार कटकट करायचे. नुसती सुरू करून बघा की, वर लोड कशाला, असं जो तो म्हणायचा. मिस्त्री कुणाचं ऐकतोय! डिझेलचं इंजिन रिकामं चालवलं की पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. वरून बघावं तर ठणठणीत, आतून पार वाया गेलेलं. हे तो इतक्यांदा सांगायचा, की घरात बायकोलाही पाठ झालं होतं.

मग त्याच शेडच्या पायरीवरून तो घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि गडी खाटेला खिळला. पण काळजी नव्हती. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली तयार झालेला. हा माझा उजवा हात, असं मिस्त्री मेहुण्याबद्दल चारचौघांत सांगायचा. मेहुणा होताही लाघवी. दाजी, दाजी करत पाठीमागे असायचा.

घर हॅचरीच्या कुंपणाला लागून. ठरल्या सकाळी थोरली सुरू झाल्याचा आवाज खिडकीतून आत यायचा आणि मिस्त्री डोळे मिटून कान द्यायचा. लोड पडला की तिचा आवाज खाली उतरतो, जड होतो. तेवढा ऐकला की त्याचा जीव भांड्यात पडणार. पण नेमकी तेव्हाच बायको उठायची आणि खिडकी लावून घ्यायची. धूर येतो, म्हणायची. आपली किती काळजी घेते ही, असं वाटून त्याला भरून यायचं. थोड्या वेळानं मेहुणा यायचा, खाटेशी बसायचा, बायको चहा घेऊन तिथंच उभी राहायची.

"लोड टाकलास ना?" मिस्त्री विचारायचा.

"टाकला, दाजी. ठणठणीत आहे."

काठी टेकत चालायला लागला, तसं हॅचरीच्या मालकिणीनं त्याला बोलावून घेतलं. नवा जनरेटर घ्यायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं. थोरली अजून कितीतरी वर्षं काढेल, असं मिस्त्रीनं पडायच्या आधी तिला छातीठोक सांगितलं होतं. आता दाखवा, ती म्हणाली. चालली तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून गेला. थोरली आपलं नाक कापणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती.

शेडच्या दारातच त्याला वास आला. कच्च्या डिझेलचा, ओला. सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट ओघळत होतं. त्यानं बोट लावून पाहिलं, न जळलेलं डिझेल आणि काजळी. तरी तिला सुरू केलं, मेन स्विच पाडला आणि लोड दिला. थोरली खोकली, काळा धूर ओकली, दबत दबत गेली आणि बंद पडली. सगळ्या कपाटांचे भोंगे एकदम ओरडायला लागले. कुणीतरी घाईघाईनं वीज परत जोडली.

मालकीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ही लोड घेत नाही असं तुमचा मेहुणा मला केव्हापासून सांगतोय, म्हणून मी नव्याचं बोलून ठेवलंय. नवा जनरेटर देणारी कंपनी देखभालीला आपला माणूस ठेवणार होती आणि मेहुण्याचं नाव पक्कं झालं होतं. तुम्ही खूप केलंत, मिस्त्री, आता आराम करा.

मेहुणा भिंतीला टेकून उभा होता.

"एकदा तरी लोड टाकलास का रे?"

त्यानं मान वर केली नाही. "ताईला विचारा, दाजी."

घर ते किती लांब, पण त्या दिवशी त्याला ते संपता संपेना. बायको भाजी निवडत होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं हातातलं खाली ठेवलं. त्याला तिला खूप काही विचारायचं होतं. विचारलं ते एवढंच.

"धूर कधी येतच नव्हता ना?"

"नव्हता," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्याला, रिकामी चालव म्हणून. तुम्ही घरी राहावं आणि त्याचं बस्तान बसावं, एवढंच होतं मनात."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

ते खरंच होतं, आणि म्हणून त्याला जास्त झोंबलं. मेहुण्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. परक्याचं पोर, पोटासाठी फिरलं. पण हिनं त्याच्याच तोंडून शिकलेलं त्याच्यावर उलटवलं होतं. चहाचा कप हातात देऊन ती शेजारी उभी राहिली होती, ठणठणीत आहे हे दर वेळी ऐकत, आणि तो तिच्या मायेनं विरघळत होता. आपल्याला बनवलं. ज्या घरासाठी राबलो असं समजत होतो, त्याच घरानं बनवलं.

थोरलीला भंगारवाले तुकडे करून घेऊन गेले. मिस्त्री बघायला गेला नाही. दिवसभर घरातच असायचा, जेवायचा, झोपायचा, विचारलं तेवढं बोलायचा. प्रकृती कशी सुधारली, असं येणारेजाणारे म्हणत.

एका सकाळी कुंपणापलीकडे नवा जनरेटर सुरू झाला. चांगलं यंत्र होतं. मिस्त्रीनं सवयीनं कान दिले. लोड पडायची वाट पाहू लागला. बायको सवयीनं उठली, खिडकीपाशी गेली, कडीला हात घातला आणि मग तिच्या लक्षात आलं, आता लपवायचं काही उरलं नाही.

"लाव," मिस्त्री म्हणाला. "आता धूर येतो."